बुरुलचाच्या तोंडी न येणारा पासवर्ड

तर स्टीअरिंगचा खोका छातीशी धरून बुरुलचा काराकोलच्या बसमधून उतरली, इथवर काल आलो होतो. मग कुणाची तरी गाय कुणाच्या तरी बटाट्यात शिरली आणि गोष्ट राहिली ती राहिलीच. खोका एवढा मोठा की मागची बुरुलचा दिसतच नव्हती. खोकाच दोन पायांवर चालत येतोय असं वाटत होतं. थांब्यावरच्या बायकांनी विचारलं, "आपा, नातवंडांना आणलंत का काही?" तर खोक्यामागून आवाज आला, "नवऱ्याला आणलंय. खेळायला."

थांब्यावर जो हशा झाला, तो मला माझ्या अंगणात ऐकू आला.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. बुरुलचा ही माझी भावजय, धाकट्या भावाची, शार्शेनची बायको. शार्शेननं एकेचाळीस वर्षं ट्रक चालवला. दोलोनचा घाट चढून नारीनला आणि तिथून पुढं तोरुगार्तला. जाताना पीठ नि कोळसा, येताना लोकर. बर्फात दोनदा अडकला, एकदा लांडग्यांनी टायर हुंगले, पण गाडी कधी कुणाच्या अंगावर घातली नाही. गेल्या वसंतात लायसन्स नवं करायला गेला, तर डॉक्टरनं भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. शार्शेन म्हणाला, "कुठली भिंत?"

लायसन्स तिथंच राहिलं. ट्रक विकून टाकला. घरी आला, गादीवर आडवा झाला, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाला, "पोचलो."

त्यानंतर दोन महिने तोंड भिंतीकडंच. बुरुलचानं चहा ओठाशी धरला की प्यायचा, नूडल्स भरवल्या की गिळायच्या, पण शब्द नाही. आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण बेगिमाई दोनदा येऊन गेली. बुरुलचाला दारात घेऊन म्हणाली, "आपा, आजार काही नाही. पण असेच पडून राहिले तर पाय चालणं विसरतील. आत्ता उठले तर उठले. शरद ऋतूपर्यंत असेच राहिले, तर मग चौघांनी उचलावं लागेल."

म्हणून तो खोका. काराकोलच्या दुकानात मीरगुल नावाची मुलगी आहे, कॉम्प्युटर विकते नि दुरुस्तही करते. तिनं बुरुलचाला सांगितलं होतं, ट्रक चालवायचा एक गेम येतो, सोबत खरं वाटावं असं स्टीअरिंग, पायाखाली ब्रेक. बुरुलचानं दोन मेंढ्या दिल्या आणि तो घेतला. तिचा हिशोब सरळ होता. गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकून जो माणूस वळणार नाही, तो शार्शेन नव्हेच.

आता बुरुलचा कोण हे सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही.

बुरुलचा आमच्या घरात सून म्हणून आली ती एकोणीस वर्षांची. आणि आमच्यात सून सासरच्या थोरांचं नाव घेत नाही. नाव घेणं तर सोडाच, त्या नावासारखा शब्दही तोंडातून काढत नाही. माझ्या वडिलांचं नाव कोझुबेक. कोझू म्हणजे कोकरू. मेंढ्यांच्या गावात राहायचं आणि कोकरू म्हणायचं नाही! बुरुलचानं पहिल्याच वसंतात त्याला 'बेंबें' करून टाकलं. "मेंढीला दोन बेंबें झाली हो!" म्हणून ओरडत आली तेव्हा माझी आई हसून हसून चुलीपाशी बसली. मला मोठा दीर म्हणून तिनं लग्नाच्या तिसऱ्या दिवशी नाव ठेवलं, 'बोलके आके', म्हणजे बडबडे दादा. आता अख्खं गाव मला तेच म्हणतं. कागदावरचं नाव माझं मलाच परकं वाटतं.

बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण तिला नोकरी कुठली मिळाली, तर पोस्टात. पत्रं वाटायची! गावातली निम्मी घरं आमच्या भाऊबंदांची, म्हणजे निम्म्या पाकिटांवरची नावं तिला उच्चारता येत नाहीत. घोड्यावरून यायची, फाटकापाशी लगाम ओढायची आणि ओरडायची, "कुत्रा धरा! मिशीवाल्यांना पत्र!" नाहीतर, "तीन गायीवाल्यांची पेन्शन!" तीस वर्षं वाटली. एक पत्र कधी चुकीच्या घरी गेलं नाही. तिच्यानंतर आला तो पोरगा नावं खणखणीत वाचायचा आणि निम्मी पाकिटं भलतीकडं टाकायचा.

ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या मुलानं, मेदेरनं, तिला कॉम्प्युटर आणून दिला. मेदेर सैबेरियात गॅसच्या विहिरींवर काम करतो. कॉम्प्युटरवर बोलता येईल, पत्र पाठवता येईल, हा त्याचा विचार. पत्र म्हटल्यावर बुरुलचा खूष. पण पोस्टातल्या बाईची सवय ती! पत्र आलंय म्हणजे कुणीतरी पाठवलंय, न उघडता टाकायचं कसं? तुम्ही गाडी जिंकलात, उघड. तुमचा दूरचा मामा आफ्रिकेत वारला, उघड. त्या मामासाठी तर तिनं, गेलेल्यांच्या नावानं तळतात तशा, गुरुवारी पुऱ्या तळल्या आणि शेजारी वाटल्या. महिनाभरात कॉम्प्युटरची अशी अवस्था झाली की चालू केला की तो स्वतःशीच बडबडायचा.

मेदेर सुट्टीला आला, डोकं धरून बसला, सगळं साफ केलं आणि एक अँटीव्हायरस बसवला. आमच्यात आईलाही आपाच म्हणतात. तर म्हणाला, "आपा, हा राखणदार. येईल त्याला हुंगणार. वाईट असेल तर फाडून खाणार." वर त्याला पासवर्डही लावला, कारण आईचा स्वभाव त्याला ठाऊक. त्या राखणदाराला बांधून ठेवून आफ्रिकेच्या मामाला आत घेतलं असतं तिनं.

तर, खोका घरी आला. बुरुलचानं गेम टाकला. खोक्यातल्या कार्डावर पंचवीस अक्षरांचा कोड होता, तो एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाईप केला. स्क्रीनवर आलं, अ‍ॅक्टिव्हेट होतोय, थांबा. ती थांबली. तेवढ्यात खालच्या कोपऱ्यात 'टुंग!' करून लाल पाटी आली, 'धोकादायक फाईल सापडली. काढून टाकली.' आणि गेम म्हणाला, 'अ‍ॅक्टिव्हेट होऊ शकला नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

सांगितलं तसं तिनं केलं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा टुंग. अकरा वेळा.

मग मीरगुलला फोन लावला. मीरगुल म्हणाली, "आपा, गेम चांगला आहे. त्याच्या कुलपाची एक फाईल असते, ती कॉम्प्युटरच्या आत आत शिरते, चोरासारखी. तुमचा अँटीव्हायरस तिला चोर समजून खातोय. त्याला पाच मिनिटं बंद करा, कोड घाला, गेम सुरू झाला की परत चालू करा."

"बंद कर म्हटलं की पासवर्ड मागतो गं."

"मग द्या."

बुरुलचानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

मीरगुल हसत म्हणाली, "आपा, खरं सांगू? विकत घेतलेल्याचं हे असं. फुकटचा चोरीचा गेम घातला असतात तर त्याला कुलूपच नसतं. आत्तापर्यंत तुमचे आबिश्का मॉस्कोला पोचले असते."

आबिश्का म्हणजे म्हातारबा. ते भिंतीकडं तोंड करून शेजारच्याच गादीवर पडलेले होते.

आता पासवर्डचं काय, तर मेदेरनं तो आईला कळवलेला होता. महिन्याच्या पाळीवर जायच्या आदल्या दिवशी त्याचा निरोप आला होता, तिनं तो जपून ठेवलेला. पाळीवर गेला की तिथं फोन लागत नाही, आणि या खेपेला तो दोन पाळ्या जोडून काढणार होता. निरोप असा, 'आपा, पासवर्ड आजोबांचं नाव. कुणाला सांगू नकोस.'

कुणाला सांगू नकोस! अरे बाबा, तिला सांगता आलं असतं तर ना!

दुपारी माझ्या फाटकाशी हाक आली, "कुत्रा धरा! बोलके आके, चला जरा, काम आहे." मी चहा तसाच सोडून गेलो. बुरुलचाच्या खोलीत खिडकीशी कॉम्प्युटर, त्याच्यापुढं ते स्टीअरिंग, आणि पलीकडं गादीवर शार्शेनची पाठ. दोन महिन्यांत मला त्या पाठीचीही ओळख झाली होती. "काय शार्शेन, कसं काय?" पाठ हलली नाही.

"आके, इथं पासवर्ड लिहा," बुरुलचा म्हणाली.

"काय लिहू?"

"तुमच्या घरचं नाव आहे."

"कुणाचं?"

"ज्यांनी तुम्हाला जन्म दिला."

"माझ्या आईचं?"

"आके, चेष्टा नको. दाढीवाल्या बाजूनं."

खरं सांगतो, मला तेव्हाच कळलं होतं. पण पंचेचाळीस वर्षांत ही बाई कधी अडलेली पाहिली नव्हती. मी आपला वेड्यासारखा विचारत राहिलो. दाढी कशी, पांढरी की काळी? माणूस जिवंत की गेलेला? तेव्हा तिनं ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि डोळे असे केले की मी मुकाट बसलो आणि एका बोटानं लिहिलं, कोझुबेक. लिहिताना तिनं स्क्रीनकडं पाठ केली. सासऱ्यांचं नाव लिहिणंही नको, वाचणंही नको!

'पासवर्ड चुकीचा. चार प्रयत्न शिल्लक.'

"नीट लिहिलंत का?"

"अगं, माझ्या बापाचं नाव मला नीट लिहिता येत नाही?"

"शाळेत कितवीपर्यंत होता?"

हे तिनं विचारायचं नव्हतं. मी पुन्हा लिहिलं, या खेपेला रशियन अक्षरं सोडून लॅटिन अक्षरांत. चुकीचा. तीन शिल्लक.

मग तिला एकदम आठवलं, आजोबा म्हणजे आईचे वडीलही असतात की! स्वतःच्या बापाचं नाव घ्यायला कसली बंदी! "जुमाश!" ती अशी ओरडली की खिडकीवरची चिमणी उडाली. "जुमाश लिहा! जुमाश! जुमाश!" साऱ्या आयुष्याचं राहून गेलेलं नाव घेणं ती एका दमात भरून काढत होती.

चुकीचा. दोन शिल्लक.

मी म्हणालो, "पोरगं हुशार आहे. साधं नाव ठेवणार नाही. आपल्या सात पूर्वजांपैकी कुणाचं तरी असेल." आमच्यात प्रत्येक पोराला सात पिढ्यांची नावं पाठ असतात, ज्याला येत नाहीत त्याला लोक कुणाचा कोण म्हणून विचारतात. मी माझ्या आजोबांचं नाव घातलं, एर्केबाय.

चुकीचा. एक शिल्लक. खाली बारीक अक्षरात, 'यानंतर सेटिंग कायमची बंद होईल. ज्यानं बसवलं त्याच्याशी संपर्क साधा.'

ज्यानं बसवलं तो सैबेरियात. दोन पाळ्या, म्हणजे शरद ऋतू. बुरुलचा खाली गालिच्यावर बसली. बेगिमाईनं दारात सांगितलेलं तिनं मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, अगदी हळू, पाठीला ऐकू जाऊ नये असं. चौघांनी उचलावं लागेल. म्हणाली, "आके, मला उचलायची भीती नाही. मी तीस वर्षं पार्सलं उचलली. पण त्यांना उचलून घ्यायची लाज वाटेल हो. त्या लाजेनंच जातील ते."

मला काय बोलावं कळेना. आणि मला कळेनासं झालं की मी काहीतरी करून बसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हणालो, "घाबरू नकोस, सातव्या पूर्वजाचं घालून बघतो," आणि बोट कीबोर्डवर ठेवलं.

"थांबा, गाढवांनो."

मी बोट तसंच हवेत धरलं. आवाज भिंतीकडून आला होता. दोन महिने न वापरलेला, गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज.

"सकाळपासून ऐकतोय," शार्शेन भिंतीला म्हणाला. "टुंग, टुंग, टुंग. माणसाला धड पडूही देत नाहीत." आणि मग तो वळला. एका कोपरावर रेलून त्यानं आमच्याकडं बघितलं. अर्ध्या चेहऱ्यावर उशीच्या शिवणीची रेघ उमटलेली. "बोलके आके, तुझी बडबड एवढी, पण आठवण शून्य. मेदेर पाच वर्षांचा असताना पाहुण्यांसमोर सात पिढ्या म्हणून दाखवल्या होत्या की नाही?"

"होत्या. न चुकता."

"आणि वर काय विचारलं? 'हा कोझुबेक कधी मेला?' आणि कोझुबेक समोर बसून चहा पीत होता!"

आठवलं! वडिलांनी चहाची वाटी खाली ठेवली होती आणि म्हणाले होते, "अजून नाही बाळा, चहा संपल्यावर बघू." सगळे हसले, आणि आम्ही विसरून गेलो. पण पोराची चूक नव्हती. ज्या घरात आई कधी ते नाव घेत नाही, तिथं कोझुबेक म्हणजे पाठांतरातला कुणीतरी मेलेला माणूस. मांडीवर घेऊन साखरेचे खडे देणारा आजोबा वेगळा.

"तो आजोबांना कुठल्या नावानं हाक मारायचा?" शार्शेननं विचारलं. "मला नको विचारू, मी तर रस्त्यावर असायचो. हिला विचार."

बुरुलचाचं तोंड उघडंच राहिलं. मग ती पुटपुटली, "किनो-अता."

आमचे वडील कुरणांवर सिनेमा दाखवायचे. प्रोजेक्टर घोड्यावर बांधून मेंढपाळांच्या तंबूंपर्यंत न्यायचे, दोन खांबांना चादर ताणायचे, आणि डोंगरातली माणसं गालिचे घेऊन जमायची. सून आली तेव्हा तिनं त्यांना नाव ठेवलं, सिनेमावाले बाबा, किनो-अता. तिचं ऐकून मेदेरही तेच म्हणायला लागला. म्हणजे पासवर्ड तिच्याच तोंडचा शब्द होता, तिनं घडवलेला, आणि ती सकाळपासून तोंडाला ओढणी लावून बसली होती.

"मग तेच टाईप कर की!" शार्शेन खेकसला.

"मी लिहू?"

"नाहीतर काय ह्याला देणार? ह्याला दिलंस तर हा चेंगीझखान लिहील."

तिनं स्वतः लिहिलं. एकेक अक्षर पाकिटावर शिक्का मारल्यासारखं. पाटी हिरवी झाली. राखणदार निजला. पंचवीस अक्षरं पुन्हा घातली, गेम थांबा म्हणाला, आम्ही थांबलो, टुंग झालं नाही, आणि स्पीकरमधून इंजिन घरघरलं. डिझेलचं, मोठं, ओझं असलेलं.

मी टाळी वाजवणार, तोच बुरुलचानं माझं मनगट धरलं. तिनं मान न वळवता डोळ्यांनी बाजूला दाखवलं. शार्शेनचे दोन्ही पाय जमिनीवर होते. गादीच्या कडेवर बसला होता तो. बुजरं घोडं पाण्याला आलं की आपण कसे श्वास धरून उभे राहतो, तसे आम्ही राहिलो.

मग बुरुलचा स्टीअरिंगशी उगाच खुडबुड करत बोलली, "हे टेबलाला कसं लावायचं कोण जाणे. उलटं बसतंय बहुतेक."

"उलटं कसं बसेल? इतक्या वेळा ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसलीस, चाक कुठं असतं ते दिसलं नाही?"

"मी रस्ता बघत होते. तुम्ही नव्हता बघत ना."

"दे इकडं!"

"उठून घ्या. मी म्हातारी झाले."

चार पावलं होती. पहिलं टाकताना त्यानं भिंत धरली, दुसरं टाकताना कपाट, तिसऱ्याला माझा खांदा, आणि खांदा इतक्या जोरात दाबला की चार दिवस दुखत होता. चौथ्याला त्यानं स्टीअरिंगच धरलं. बसला. नाक स्क्रीनला लागेल इतकं पुढं नेलं. गाडी निघाली, वीस पावलं गेली आणि टोलनाक्याची टपरी आडवी केली.

"चुकीच्या जागी बांधलीय," तो म्हणाला आणि मागं घेतली.

मग अर्धा तास गाडी हाकत राहिला. मधेच चिडून म्हणाला, "हा काय रस्ता आहे? एक खड्डा नाही. एक गाय आडवी येत नाही. माणसाला झोप लागेल असल्या रस्त्यावर!" आणि तरी गाडी सोडेना. बुरुलचानं मीरगुलच्या सांगण्याप्रमाणे राखणदाराला पुन्हा जागा केला, गेमची ती फाईल दाखवून बजावलं, ही घरची आहे, हिला खायचं नाही. त्यानं ऐकलं.

हे झालं जूनमध्ये. दुसऱ्या दिवसापासून शार्शेन सकाळी तोंड धुवायला स्वतः अंगणातल्या नळावर जायला लागला, कारण पारोशा तोंडानं गाडीवर बसायचं नसतं. मग दाढी करायला लागला, कारण नाक्यावरचे लोक बघतात. जुलैत मी त्याला फाटकापर्यंत आलेलं पाहिलं. विचारलं, काय रे, कुठं? म्हणाला, "पाय मोकळे करतोय. पुढचा टप्पा लांबचा आहे."

ऑगस्टच्या सुरुवातीला बेगिमाई डॉक्टरीण तपासायला आली. मी अंगणातच बसलो होतो. तिनं गादीवर पाहिलं, गादी गुंडाळून ठेवलेली. कॉम्प्युटर आता दुसऱ्या खोलीत हलवला होता, तिचं दार बंद होतं, आतून हॉर्न ऐकू येत होता. ती घाबरून बुरुलचाला म्हणाली, "आपा, पेशंट कुठं आहे?"

बुरुलचा कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "हंगेरीच्या नाक्यावर थांबवलंय त्यांना, मागं टोमॅटो आहेत. दुपारपर्यंत सुटतील. तोवर तू चहा घे, आणि घाई करून दार उघडू नकोस. परवा मी जेवायला हाक मारली, तर माझ्यामुळं गाडी दरीत गेली म्हणून दिवसभर बोलले नाहीत माझ्याशी."